बल्लीच्या कुशीतला दोष

"बोला, कुक्षीनाथ महाराज की—"

"जय!"

रिठदच्या शिवाराबाहेर, डांबरी रस्त्याला लागून असलेल्या माळावर दर गुरुवारी सकाळी दहा वाजता हा जयघोष उठायचा. मंडपात चारशे-पाचशे बाया दाटीवाटीनं बसलेल्या असत. कोणी किन्हीराजाहून ऑटोनं आलेली, कोणी थेट इंझोरीहून टेम्पो ठरवून. पुरुष बाहेर लिंबाच्या झाडाखाली तंबाखू मळत बसायचे, कारण आजार बायांचे होते आणि त्यात पुरुषांचं काही काम नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. माळ वीरेंद्रचा. वीरेंद्र गावातला चाळीस एकरांचा धनी, शिवाय रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेला. ते रसायनशास्त्र त्यानं पदवीच्या कागदात गुंडाळून घराच्या माळ्यावर टाकलं असावं, कारण मंडपाच्या कडेला उभा राहून महाराजांचा चमत्कार मोबाइलवर लोकांना थेट दाखवण्याचं काम तो स्वतः करायचा.

महाराज व्यासपीठावर गादीवर बसायचे. गुलाबी फेटा, काळा चष्मा, समोर दोन तांब्याच्या कळशा आणि आवाज असा की भोंग्याची गरजच नाही.

"माय-माउल्यांनो! चिरफाड नाही! मशीन नाही! परक्याच्या नजरेखाली टेबलावर झोपायचं काम नाही! कुक्षीनाथ स्त्रीदेहाला हात लावत नाही! एक पट्टा, तीन श्वास, कुशीचा दोष बाहेर! अंगावरून पांढरं जाऊ द्या, लाल जाऊ द्या, गाठ असू द्या, कॅन्सर असू द्या! पट्ट्यात उतरणार म्हणजे उतरणारच!"

बाया पदरानं डोळे पुसायच्या. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

विधी साधा होता. पडद्याआड जायचं. सेविकेनं दिलेला पिवळा सुती पट्टा पोटाला बांधायचा. तीन श्वास घ्यायचे. पट्टा सोडून आणायचा आणि महाराजांपुढच्या परातीत ठेवायचा. मग महाराज पहिल्या कळशीतलं 'कुक्षीतीर्थ' त्यावर शिंपडायचे, आणि बघता बघता पिवळ्या पट्ट्यावर लालभडक डाग उमटायचे.

"आला! दोष बाहेर आला!"

मंडप शहारायचा. मग दुसऱ्या कळशीतलं 'शांतिजल' शिंपडलं की लाल डाग विरून पट्टा पुन्हा पिवळा.

"जळाला! दोष जळाला!"

त्या गुरुवारी या सगळ्यांच्या मागे, अगदी शेवटच्या रांगेत, पंचफुला तोंड वाकडं करून उभी होती.

पंचफुला बेचाळीस वर्षांची. हंगामात हळद शिजवण्याच्या कुकरवर मजुरी करायची, एरवी निंदण-खुरपण. तिचा नवरा ट्रक चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी तो गेला आणि जाताना तिला एचआयव्ही देऊन गेला. गावाला कावीळ झाल्याचं सांगितलं, गावानंही मान हलवली. तेव्हापासून ती वाशीमला जाऊन एचआयव्हीच्या गोळ्या आणायची आणि रोज न चुकता खायची. गावाला सांगायची, 'बहिणीकडे जातो.' ही बहीण म्हणजे रुपाबाई. किन्हीराजाची, पस्तिशीतली, तिलाही तोच आजार. दोघींची ओळख गोळ्यांच्या रांगेत झाली आणि बहिणीची माया बहिणीपेक्षा जास्त झाली.

त्या रांगेतल्या बायांची दरवर्षी एक तपासणी व्हायची. धम्मदीपा नावाची सिस्टर होती, वाशीमचीच. ती गर्भाशयाच्या तोंडाला आंबट पाण्याचा बोळा लावायची आणि मिनिटभर थांबून पाहायची. बिघडलेली जागा असली तर तेवढीच पांढरी पडायची. दोन वर्षांपूर्वी पंचफुलाला असा डाग निघाला होता. डॉक्टरांनी त्याच दिवशी तापलेल्या छोट्या यंत्रानं तो जाळून टाकला. मिनिटभर पोटात कळ आल्यासारखं झालं, आणि तिसऱ्या दिवशी पंचफुला निंदायला वावरात होती.

यंदा डाग रुपाबाईला निघाला. मोठा होता, आतपर्यंत गेलेला दिसत होता. डॉक्टर म्हणाले, अकोल्याला जाऊन छोटासा तुकडा तपासायला द्यावा लागेल, मगच पुढचं ठरेल. रुपाबाई होकार देऊन निघाली आणि अकोल्याऐवजी कुक्षीनाथाच्या माळावर आली. सोबतीला पंचफुलाला ओढून आणलं.

मंडपाच्या तोंडाशी योगिनी नावाची सेविका वही घेऊन बसली होती. गोड बोलायची, हात हातात घ्यायची. "सांग ना ताई, मनातलं सांग. आईजवळ लपवतात का?" रुपाबाईनं सगळं सांगितलं. गोळ्या सांगितल्या, पांढरा डाग सांगितला, अकोला सांगितलं. अर्ध्या तासानं महाराजांनी डोळे मिटून, कपाळावर दोन बोटं टेकवून गर्जना केली, "किन्हीराजाची लेक! तुझ्या रक्तात एक रोग आणि कुशीत दुसरा! तुला कोणी तरी अकोल्याला धाडतंय! सुरी लावशील तर रोग सगळ्या अंगात पसरेल! बोल, खरं की खोटं?"

रुपाबाई हात जोडून म्हणाली, "खरं हाय, महाराज."

'वहीत वाचून सांगून राह्यला भामटा,' पंचफुला मनात म्हणाली. पण मंडपात कोणालाच ती वही आठवत नव्हती. आपणच तोंडानं सांगितलेली गोष्ट आपल्यालाच परत ऐकवली की बाया तिला अंतर्ज्ञान म्हणत होत्या.

रुपाबाईचा पट्टा लाल झाला, मग पिवळा झाला. महाराजांनी फर्मान काढलं: तीन गुरुवार यायचं आणि तोवर दवाखान्याची पायरी चढायची नाही. मग व्यासपीठावर निताला उभं केलं. निता तिशीतली, रिठदचीच, वीरेंद्रच्या नात्यातली. वर्षापूर्वी तिच्या अंगावरून अवेळी रक्त जायचं. महाराजांनी तीन गुरुवारांत तिला 'शुद्ध' केलं होतं. ती खाली मान घालून म्हणाली, "महाराजाच्या कृपेनं मी बरी झाली." एवढंच बोलली आणि खुर्चीचा हात धरून खाली बसली. मंडपानं टाळ्या पिटल्या.

परतीच्या वाटेवर पंचफुलानं तोंड उघडलं.

"तुले काही अक्कल हाय का वं, रुपा? त्या फेटेवाल्याच्या नादी लागून अकोल्याले जात नाईस?"

"भेव लागते मले. तुकडा काढला की पसरते म्हनते."

"कोन म्हनते? तो? त्याले काय समजते?"

रुपाबाई रस्त्यातच थांबली. "मंग तूच सांग. सिस्टरनं पानी लावलं, पांढरं झालं. महाराजानं पानी शिंपडलं, लाल झालं. तेबी पानी न हेबी पानी. फरक काय?"

पंचफुला रागारागानं पुढे चालू लागली. हा प्रश्न सिस्टरलाच विचारायचा, असं तिनं चालता चालता ठरवलं.

सोमवारी ती गोळ्या आणायला वाशीमला गेली आणि धम्मदीपासमोर बसली. रुपाबाईचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. धम्मदीपा हसली नाही. तिनं खुर्ची जवळ ओढली.

"प्रश्न हुशारीचा आहे. आधी आमचं सांगते. एचपीव्ही नावाचा विषाणू आहे. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. बहुतेक बायकांना कधी ना कधी होतो आणि दोनेक वर्षांत अंगच त्याला हाकलून देतं. पण एचआयव्हीनं अंगाची राखण कमजोर केली असली, तर तो गर्भाशयाच्या तोंडाशी ठाण मांडून बसतो. तिथल्या पेशी बिघडवतो. म्हणून तुमच्यासारख्या बाईला या कॅन्सरचा धोका दुसरीपेक्षा सहापट असतो. गोळ्या नियमित खाल्ल्या तर कमी होतो, पण जात नाही. बिघडलेल्या पेशी आंबट पाण्यानं पांढऱ्या पडतात, चांगल्या पडत नाहीत. म्हणून पाहतो."

"अन् पांढरं पडलं म्हंजे कॅन्सर?"

"नाही. बहुतेक वेळा कॅन्सरच्या आधीची पायरी असते. कॅन्सर व्हायला वर्षं लागतात. तेवढ्यात पाहिलं तर जाळून, कापून टाकता येतं. आणि ऐक, आमची तपासणी चुकतेसुद्धा. नुसती सूज असली तरी कधी कधी पांढरं दिसतं. म्हणून तर तुकडा काढून खात्री करायची. हरभऱ्याच्या दाण्याहून लहान असतो तो. त्यानं काही पसरत नाही."

"मंग तो महाराज?"

"त्याला एकच गोष्ट विचार. आजवर एखाद्या बाईचा पट्टा लाल झाला नाही, असं कधी झालंय का? माझ्याकडे शंभर बाया आल्या तर बहुतेकींना काहीच निघत नाही. त्याच्याकडे?"

पंचफुलानं आठवून पाहिलं. म्हाताऱ्या बाईचा लाल, नव्या नवरीचा लाल, गंमत म्हणून बसलेल्या कॉलेजच्या पोरीचाही लाल.

"बंद्याइचाच लाल होते."

"मग तो पोट तपासत नाही. तो कापड तपासतोय."

हे वाक्य डोक्यात घेऊन पंचफुला घरी आली. दुसऱ्या दिवशी कुकरवर दिवसभर हळद शिजवली. वाफेनं, ओल्या हळकुंडांनी लुगडं, हात, नखं, सगळं पिवळंधमक. संध्याकाळी हातपंपावर ती लुगडं धुवायला बसली. साबण फिरवला आणि पिवळा डाग लाल झाला.

हे तिनं आयुष्यात हजारदा पाहिलं होतं. गावातल्या प्रत्येक बाईनं पाहिलं होतं. लग्नातल्या हळदीची साडी धुताना, भाजीचा हात पुसलेला पदर धुताना, पोराचा सदरा धुताना. हळदीवर साबण लागला की ती लाल होते. पंचफुला हातातला साबण तसाच धरून त्या डागाकडे बघत राहिली. मग उठली, घरात गेली, लिंबू कापून आणलं आणि डागावर पिळलं. लाल गेला, पिवळा परत आला.

"अरे तुह्या!" ती हातपंपाला उद्देशून म्हणाली आणि नंतर तिनं महाराजांच्या सात पिढ्यांना उद्देशून जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पहिल्या कळशीत धुण्याचा सोडा, दुसऱ्या कळशीत लिंबाचं पाणी, आणि पट्टा हळदीत बुडवून वाळवलेला. एवढंच होतं ते कुक्षीतीर्थ, एवढीच ती शांती. आणि त्याला पाचशे बाया हात जोडून बसतात, ज्या घरी जाऊन तोच चमत्कार धोंड्यावर आपटून आपटून घालवतात!

रात्री तिनं फोनवर रुपाबाईला सगळं सांगितलं. रुपाबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुह्या साबनानं होत असन. पन महाराजाच्या पट्ट्यात माह्यं पोट होतं ना वं. मले तं हलकं वाटून राह्यलं तवापासून."

पंचफुलानं कपाळाला हात लावला. नुसतं सांगून ही बाई अकोल्याला जाणार नव्हती. आणि डाग थांबणार नव्हता.

गुरुवार उजाडला. पंचफुला कधी नव्हे ती रांगेत पुढे उभी राहिली. वहीवाल्या योगिनीला तिनं सांगितलं, "अंगावरून जाते, कंबर दुखते." सेविकेनं लिहून घेतलं आणि मायेनं हात दाबला.

पडद्याआड दहा-बारा बाया आपापले पट्टे बांधत होत्या. रुपाबाईही होती. पंचफुलानं आपला पट्टा हातात घेतला, सगळ्यांकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग तो पट्टा तिनं पोटाला न बांधता मंडपाच्या बल्लीला बांधला. लाकडी बल्ली, खाली खड्ड्यात रोवलेली, वर ताडपत्री पेलून उभी.

"काय करून राह्यली वं?" एक म्हातारी पुटपुटली.

"बल्लीची तब्येत दाखवतो, मावशी. कोनी बोलू नका. पाहा फक्त."

दोघी-तिघी फिसकन हसल्या. पंचफुलानं बल्लीच्या वतीनं तीन श्वास घेतले, पट्टा सोडला आणि बाहेर नेऊन परातीत ठेवला. बाकीच्या बाया पडद्याच्या फटीतून डोकावू लागल्या.

महाराजांनी डोळे मिटले. दोन बोटं कपाळाला. "रिठदची लेक! अंगावरून जातं! कंबर मोडते! लाज वाटते, म्हणून लपवतेस! बोल, खरं की खोटं?"

"पट्टाच पाहा ना महाराज," पंचफुला म्हणाली. "तो खोटं थोडाच बोलते?"

महाराजांनी तीर्थ शिंपडलं. पट्टा लालेलाल झाला. महाराज गादीवरून अर्धे उठले. "अरे अरे अरे! एवढा दोष! आजवर एवढा पाहिला नाही! या बाईच्या कुशीत सात वर्षांची कुजकी गाठ! एक महिना उशीर झाला असता तर संपली होती!"

"संपली नसती, महाराज," पंचफुला म्हणाली. तिचा आवाज चांगलाच मोठा होता. कुकरच्या फुसफुसाटात ओरडून बोलायची तिला सवय होती. "तिले आनखी दहा वरसं वाळवी लागत नाई. सागाची हाय ते."

"कोण सागाची?"

"ही बल्ली. मी पट्टा पोटाले बांधलाच नाई. मंडपाच्या बल्लीले बांधला होता. बल्लीच्या कुशीत सात वरसाची गाठ निंघाली, बायांनो! आता हिले अकोल्याले न्यायचं का तिसऱ्या गुरवारी बोलवायचं?"

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग पडद्यामागची म्हातारी ओरडली, "खरं हाय! मी सोता पाह्यलं! बल्लीलेच बांधला होता!" आणि मंडपात आधी एक, मग दहा, मग दीडशे बाया हसायला लागल्या. वीरेंद्रच्या हातातला मोबाइल अजून सगळं थेट दाखवत होता. त्यानं घाईघाईनं तो खिशात घातला, तोही चालूच.

महाराज कसलेले होते. हसणं ऐकून त्यांचा चेहरा बदलला, पण आवाज नाही. त्यांनी फुलांच्या ढिगात हात घातला, योगिनीनं तिथं सरकवलेली एक चिठ्ठी वर आली, तिच्यावर नजर टाकली आणि बोट रोखलं.

"देवाची परीक्षा घेतेस? मग ऐका रे सगळे! ही बाई कोण आहे माहीत आहे? ही एड्सची रोगी आहे! नऊ वर्षांपासून! तुमच्या मंडपात, तुमच्या पोराबाळांत, तुमच्या हळदीत हात घालते ही!"

हसणं तुटलं. पंचफुलाच्या आजूबाजूच्या बाया सरकल्या. दोन हात, मग चार हात, आणि तिच्याभोवती रिकामं वर्तुळ तयार झालं. त्यात ती एकटी उभी. नऊ वर्षं तिनं या क्षणाला घाबरून काढली होती. बहिणीकडे जातो म्हणून सांगितलं, गोळ्यांची बाटली डाळीच्या डब्यात लपवली, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला कावीळच सांगितली. तिला वाटलं, इथंच खाली बसावं.

मग तिनं महाराजांकडे पाहिलं. ते हसत होते. तेवढं पुरलं.

"हो, हाय मले," ती म्हणाली. "एचआयव्ही हाय. नवऱ्यानं आनला. नऊ वरसं झाले, रोज गोळी खातो. तुमच्याइतकंच काम करतो. हात लागल्यानं होत नाई, हळदीतून होत नाई, विचारा कोन्याबी डाक्टरले. पन बायांनो, एक सांगा. हे यानं कसं वळखलं? देवानं सांगतलं का?"

"मी सांगतलं."

पडद्याच्या कडेला रुपाबाई उभी होती. तिच्या हातात तिचा पिवळा पट्टा लोंबत होता. ती रडत होती, पण थांबली नाही.

"मागल्या गुरवारी मीच सांगतलं त्या वहीवालीले. माह्यंबी सांगतलं, हिचंबी सांगतलं. मलेबी एचआयव्ही हाय. वहीवालीनं लिहून घेतलं अन् महाराजाले दिसलं. मी नसतं सांगतलं तं याले आपल्या पोटातलं काय, सोताच्या नाकावरची माशीबी दिसली नसती."

पंचफुलानं वेळ घालवला नाही. तिनं कमरेतून साबणाची वडी काढली, परातीतल्या पाण्यात भिजवली आणि आपल्या लुगड्याच्या पदरावरल्या हळदीच्या डागावर घासली. पदर लाल झाला. तिनं तो वर धरला. नारळांशेजारच्या ढिगातलं एक लिंबू दातानं फोडलं आणि पदरावर पिळलं. पदर पिवळा झाला.

"कोनकोनाच्या घरी हे होत नाई, हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर एकच भाव आला: आपण रोज हातपंपावर बसून जे घासतो, त्याच्या पाया पडायला ऑटोचं भाडं भरून आलो.

तेवढ्यात झाडाखालून खेमा मंडपात शिरला. खेमा म्हणजे रिसोडच्या आठवडी बाजारात भांडी विकणारा म्हातारा. तो बराच वेळ डोळे बारीक करून व्यासपीठाकडे पाहत होता. "मी म्हनून राह्यलो, हा आवाज कुठं ऐकला!" तो म्हणाला. "अरे, हा तं शालिग्राम! माह्या दुकानाच्या बाजूले गाडीवर उभा राहून धुण्याचा सोडा न साबन विकायचा! 'एक वडी, सात डाग, घेऊन जा मायमाउली!' तेच बोलते अजून, नुसते डाग पोटात घातले!"

कुक्षीनाथ महाराज, पूर्वाश्रमीचे साबणवाले शालिग्राम, यांनी त्यानंतर जे प्रवचन केलं ते फार छोटं होतं. 'श्रद्धेचा अपमान', 'कलियुग' आणि 'गाडी आण'. तिसरा शब्द सेविकेला उद्देशून होता. वीरेंद्रनं पुढे होऊन 'ही श्रद्धेची गोष्ट आहे, कोणी मध्ये बोलू नये' असं काही म्हटलं. पंचफुलानं त्याला विचारलं, "बीएस्सीत काय शिकले होते मालक, शांतिजल?" त्यावर तोही गाडीकडे चालता झाला. दुपारपर्यंत पोलीस ठाण्यात जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार गेली. ती लिहून द्यायला बावीस बाया आल्या. पाचशेपैकी बावीस. बाकीच्या 'आपल्याला काय करायचं' म्हणत घरी गेल्या. त्यातल्या काही, लोक सांगतात, पुढे दुसऱ्या तालुक्यातल्या दुसऱ्या महाराजांकडे जाऊ लागल्या. मूर्खपणाला नवा पत्ता लवकर सापडतो.

मंडप रिकामा होत असताना निता पंचफुलाजवळ आली. आजूबाजूला कोणी नाही ना, हे तिनं दोनदा पाहिलं.

"काकू, माह्यं रक्त जानं कधी थांबलंच नव्हतं."

"मंग स्टेजवर सांगत काहून होतीस बरी झाली म्हनून?"

"पहिल्यांदा बोलली, ते सगळ्याइनं मोबाइलवर पाह्यलं. सासरी, माहेरी. मंग नाही कसं म्हनू? आता वास येते. पाय सुजले."

पंचफुलाचा सगळा राग, सगळा आवाज, कुठे तरी आत गेला. तिनं निताचा हात धरला.

दुसऱ्याच आठवड्यात तिघी अकोल्याला गेल्या. रुपाबाईचा तुकडा काढायला पाच मिनिटं लागली. आठवड्यानं निकाल आला: कॅन्सर नव्हता, पण त्याच्या अगदी अलीकडचं होतं. डॉक्टरांनी तारेच्या यंत्रानं तेवढा बिघडलेला भाग काढून टाकला. त्याच संध्याकाळी ती वॉर्डात चहा पीत होती. डॉक्टर म्हणाले, "दरवर्षी तपासायला यायचं. तुमच्या गोळ्या आणि ही तपासणी, दोन्ही चुकवायचं नाही."

निताला एचआयव्ही नव्हता. हे ऐकून पंचफुलाला जे वाटलं ते तिला बरेच दिवस कळलं नाही. एचआयव्ही असलेल्या रुपाबाईला दरवर्षी कोणी तरी हाक मारून टेबलावर झोपवत होतं. निताला कोणी कधी बोलावलं नाही; तिला बोलावणारा एकच होता, गुलाबी फेट्याचा. एचपीव्हीचा विषाणू मात्र दोघींनाही तोच. निताचा कॅन्सर गर्भाशयाच्या बाहेर, मूत्रपिंडाच्या नळ्यांपर्यंत गेला होता. डॉक्टरांनी किरणांचा शेक दिला, सलाईन दिलं. एका डॉक्टरीणबाईनं विचारलं, "वर्षभरापूर्वी रक्त जात होतं तेव्हा का नाही आलात?" निता भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पावसाळ्यापूर्वी ती गेली. तिची मुलगी तेव्हा दुसरीत होती.

पट्टा लाल होऊन पिवळा झाला, तेव्हा मंडपात टाळ्या वाजल्या होत्या. त्या टाळ्यांच्या आवाजात एक बाई वर्षभर मरत होती आणि कोणाला ऐकू आलं नाही. शालिग्रामला शिक्षा होईल, न होईल. पण ज्या वीरेंद्रनं माळ दिला, ज्या बायांनी टाळ्या दिल्या, ज्या पुरुषांनी झाडाखाली बसून 'बायकांचे आजार' म्हणून तोंड फिरवलं, त्यांच्यावर कोणता गुन्हा लागतो? तो कायद्यात लिहिलेला नाही. तो ज्याचा त्यानं आपल्यावर लावून घ्यायचा.

पंचफुलाला हंगामाचे उरलेले दिवस दोन मालकांनी कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. एका घरी तिला वेगळा गिलास काढून ठेवला. तिनं त्यात पाणी प्यायला नकार दिला आणि सरळ हातपंपावर जाऊन ओंजळीनं प्याली. पण महिनाभरानं एक बाई तिच्या दारात आली, इकडे तिकडे पाहत. मग दुसरी आली. मग एक सून सासूला घेऊन आली. सगळ्यांचा प्रश्न एकच, आणि तोही कुजबुजत: ते कुठं करतात?

ही तपासणी सरकारी दवाखान्यात करतात. पैसे लागत नाहीत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईनं करून घ्यावी. एचआयव्ही असेल तर पंचविशीपासूनच, आणि सिस्टर सांगेल त्या अंतरानं पुन्हा पुन्हा. दुखत नसतानाच करावी, कारण दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. मुलींसाठी लस आहे, तीही विचारावी. टेबलावर पाच मिनिटं झोपायची लाज वाटते, हे खरं आहे. त्या लाजेवर जगणाऱ्यांची दुकानं मात्र त्याहून खरी आहेत, आणि ती बंद करायचा एकच मार्ग आहे: जो कोणी बरं करतो म्हणतो, त्याला विचारायचं, कसं करतोस, दाखव. ज्याला उत्तर येतं तो समोर बसून सांगतो, आपलं चुकतं कुठे तेही सांगतो. ज्याला येत नाही तो डोळे मिटतो.

आषाढातल्या एका सकाळी रिठदच्या फाट्यावर काळी-पिवळी जीप उभी होती. आत अकरा बाया, वाशीमला निघालेल्या. बारावी दाराशी घुटमळत होती. नवी लग्न झालेली, कपाळभर पदर ओढलेला.

"काकू, मले लय भेव लागते."

पंचफुला आतून सरकली आणि बाकावर हात थोपटून जागा दाखवली.

"मलेबी लागलं होतं. बंद्याइले लागते. तू भेत भेतच बस. बसली म्हंजे झालं."

पोर जीपमध्ये बसली, आणि जीप सुटली.